डावखुरा सैनिक

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. मी तशी फार बोलत नाही, त्यामुळे गुपित सांभाळायला घरात सगळे मलाच निवडतात. पण बोलायचं नाही म्हणजे लिहायचंही नाही, असं कुणी म्हटलेलं नाही.

माझे बाबा पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहेत. हे त्यांच्या तोंडून तुम्हाला सहसा कळणार नाही. विचारलंत तर ते सांगतील की आपण जुन्या लष्करी सामानाचे जाणकार आहोत. पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, कमरेचे पट्टे, खांद्यावरच्या पिशव्या, असं सैनिकांनी रणांगणावर वापरलेलं सामान लोक हौसेने जमवतात. ते कुठल्या काळातलं, खरं की नक्कल, पट्टा मूळचा की दुसऱ्याच पिशवीचा आणून जोडलेला, हे बाबा ओळखून देतात. कापड ते दोन बोटांत चोळतात, मग वास घेतात, मग डोळे मिटतात. (डोळे मिटून काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही, पण समोरच्या माणसावर परिणाम चांगला होतो.) पिशवीच्या झाकणाच्या आतला पुसट शिक्का वाचायचं काम मात्र माझं. टॉर्च आडवी धरली की अक्षरं वर येतात, आणि ती बाबांना चष्मा लावूनही दिसत नाहीत.

आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे अशा सामानाची एक खोलीच भरलेली आहे. ती सगळी ते वस्तुसंग्रहालयाला देणार होते. त्याआधी प्रत्येक वस्तूची ओळख पटवायची होती, आणि ज्याने ती पटवली त्याचं नाव दारापाशी पितळी पाटीवर लागणार होतं. बाबांचं नाव आजवर कार्यालयाच्या हजेरीपटाखेरीज कुठेही लागलेलं नाही. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर काचेत लावलेली एकमेव गोष्टसुद्धा माझी आहे, शिवणकामात बक्षीस मिळालेला रुमाल. (त्या रुमालाबद्दल आत्ता बोलायचं काही कारण नाही.) त्यामुळे डॉक्टरांनी परीक्षा म्हणून एक ट्रंक आमच्याकडे पाठवली, तेव्हा बाबा तिच्याभोवती असे फिरत होते की आईला केर काढता येईना.

ट्रंक डॉक्टरांनी लिलावात घेतली होती आणि स्वतः नीट उघडूनही पाहिली नव्हती. आतल्या सामानाला डांबरगोळ्यांचा इतका वास होता की बाबांनी सगळं बाल्कनीतल्या दोरीवर टाकलं आणि ते कामावर गेले. दुपारी आई वाळलेले कपडे काढायला गेली. चादरी आणि माझा गणवेश यांच्यामध्ये एक खाकी पिशवी लोंबत होती आणि तिच्या झाकणाचा कोपरा उसवला होता.

फाटकी वस्तू दिसली की माझ्या आईला चैन पडत नाही.

"दुसऱ्याची वस्तू," ती म्हणाली, "अशी परत करायची म्हणजे बरं दिसत नाही. सुईत दोरा ओव."

मी ओवला. दोरा पांढरा होता आणि पिशवी मळकट. आईने दोरा चहाच्या पाण्यात बुडवला, वाळवला आणि मग इतके सारखे टाके घातले की शिवलेलं आहे हे जवळ गेल्याशिवाय कळेना. दोरा थोडा उरला, तर तिने बाबांच्या तपकिरी जाकिटाचं लोंबणारं दुसरं बटण लावून टाकलं. हे जाकीट बाबा जाणकार असताना घालतात.

बाबांना सांगायचं ठरलंच होतं. पण आम्ही सांगायच्या आधी रविवार आला.

"इकडे या," बाबा ओरडले. "दोघी या. हात लावू नका."

टेबलावर ती पिशवी होती. बाबा कोपऱ्यावर वाकले होते.

"हे बघा. ही सैनिकाने स्वतः केलेली दुरुस्ती आहे. दुकानातली नाही, नंतरची नाही. नंतर कुणी शिवली असती तर पिशवीची किंमत पडली असती. पण सैनिकाच्या हातची म्हणजे सोनं. आणि तो डावखुरा होता. टाक्यांचा कल बघा."

मी आईकडे पाहिलं. आईने चहाचा कप बाबांपुढे ठेवला. डाव्या हाताने.

"थँक्यू," बाबा म्हणाले. "टाका बघ कसा एकसारखा. घाई नाही, चिडचिड नाही. हा शांत स्वभावाचा माणूस होता. असं शिवतो तो वाट बघत बसलेला माणूस."

"कुणाची वाट?" आईने विचारलं.

"घरच्यांची असणार."

"मग आले का घरचे?"

"ते टाक्यांवरून कळत नाही गं."

मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली माझ्या पायावर आईचा पाय पडला. स्वयंपाकघरात गेल्यावर ती मला म्हणाली, "सांगू नकोस. ओळखतील ते."

"आणि नाही ओळखलं तर?"

"लग्नाला एवढी वर्षं झाली. ओळखतील."

आईला मी इतकी खुशीत फार वेळा पाहिलेलं नाही. बाबा दिवसभर त्या सैनिकाबद्दल बोलत होते आणि एरवी त्यांची लष्करी बडबड सुरू झाली की मिक्सर लावणारी आई खुर्ची ओढून ऐकत होती. संध्याकाळपर्यंत सैनिकाचा उजवा हात जखमी झाला होता, त्याला बहीण होती आणि तो अक्षरही सुंदर काढत होता. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण मला बोलायचं असलं की आधी कान लाल होतात, मग घसा बसतो, आणि तोवर विषय बदललेला असतो.

डॉक्टर ट्रंक बघायला आले. बाबांनी जाकीट चढवलं. बाटल्या, डबे, पट्टे सगळं सुरळीत पार पडलं. एका पट्ट्याचं बक्कल दुसऱ्या काळातलं आहे हे बाबांनी नुसत्या वजनावरून सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला पितळी पाटी जवळजवळ दिसली. शेवटी पिशवी निघाली. जखमी हात, बहीण, सगळं सांगून झालं. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"काय माणूस असेल हो," ते हळूच म्हणाले. "ही आपण दर्शनी भागात ठेवू. फक्त एकदा तो तुमचा दिवा लावून दाखवा. मला तो प्रयोग बघायचाच होता."

बाबांकडे जांभळ्या उजेडाचा एक दिवा आहे. अंधारात तो वस्तूवर धरला की जुना सुती दोरा तसाच मुका राहतो आणि आजकालचा दोरा चमकतो. नकली माल पकडायला बाबा तो नेहमी वापरतात. या पिशवीवर वापरला नव्हता, कारण सैनिकावर संशय घेणं त्यांना बरं वाटलं नव्हतं.

"बेटा, दिवा आण. पडदे ओढ."

"बाबा, दिवा चार्ज नाहीये," मी म्हणाले. म्हणजे म्हणणार होते. कान लाल झाले, घसा बसला, आणि मी दिवा आणून दिला.

अंधार झाला. बाबांनी कळ दाबली. पिशवीचा कोपरा ट्यूबलाइटसारखा उजळला. एकेक टाका मोजता आला असता.

बाबांनी दिवा जरा मागे घेतला, तसा तो त्यांच्या स्वतःकडे वळला.

"तुमच्या जाकिटाचं दुसरं बटण," डॉक्टर अंधारातून म्हणाले, "तेही त्याच सैनिकाने लावलंय वाटतं."

मी पडदे उघडले. डॉक्टर मोठे सज्जन. ते हसले नाहीत, फक्त त्यांच्या खांद्यांना ते नीट जमलं नाही. जाताना आईला म्हणाले, "ताई, रंग मात्र सुरेख जुळवलात. आम्हाला दात बसवताना इतका जमत नाही." बाबांना म्हणाले, "बघू, कळवतो." ट्रंक मात्र ते लगेच घेऊन गेले.

बाबा जाकिटाच्या बटणाशी चाळा करत बसले.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओळखाल म्हणून," आई म्हणाली. तिने कप गोळा केले. "शांत स्वभावाचा, घाई नसलेला, वाट बघणारा. इतकं सगळं ओळखलंत. ऐकायला बरं वाटत होतं."

त्यानंतर त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण बोलणं झालंच नाही. त्या शांततेपेक्षा भांडण परवडलं असतं. मी वेळेवर एक वाक्य बोलले असते तर आईला ते कौतुक बाबांच्या तोंडून ऐकायला मिळालं नसतं, पण नंतर दोघांना एवढं लागलंही नसतं.

संग्रहालयातली ती खोली आता उघडली आहे. आम्ही तिघेही गेलो होतो. दारापाशी पितळी पाटीवर दुसऱ्याच गृहस्थांचं नाव आहे. बाबांनी ते पूर्ण वाचलं, नातं लागत असल्यासारखं. आत एका कपाटापाशी ते थांबले आणि मला हळूच म्हणाले, "हे बक्कल या पट्ट्याचं नाही." मग कुणी ऐकलं तर नाही ना, असं पाहून पुढे सरकले. आपली पिशवी कुठे दिसली नाही. आईने मात्र ती सगळ्या कपाटांत शोधली.

त्या दिवसापासून बाबांनी एक नवीनच काम काढलंय. कार्यालयातून आले की पडदे ओढतात आणि दिवा घेऊन घरभर फिरतात. उशांचे अभ्रे, पँटच्या दुमडी, माझ्या दप्तराचा बंद. कुठे चमकलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "हा तुझा."

"हो," आई आतून म्हणते.

"हाही तुझाच."

"हो हो, सगळे माझेच. आधी पडदे उघडा, मला तांदूळ दिसत नाहीत."

पण मिक्सर लावत नाही. आणि आता बाबांना दिवासुद्धा लागेनासा झालाय. लांबूनच टाक्यांचा कल बघतात आणि बरोबर सांगतात, एकदाही चुकले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटतो. थोडी भीतीही वाटते, कारण शयनखोली झाली, बाल्कनी झाली, आज ते हॉलमध्ये आलेत. भिंतीवरची काचेची चौकट काढल्याचा आवाज आत्ताच ऐकू आला.

"बेटा, जरा इकडे ये गं," बाबा हाक मारतायत. "तू तर उजव्या हाताने शिवतेस ना? मग हा तुझा बक्षिसाचा रुमाल..."

मला जायला हवं. जाण्याआधी एवढंच लिहून ठेवते की त्या रुमालाचे पहिले टाके माझेच होते, अगदी शपथेवर, पण सुईत दोरा ओवून झाल्यावर मला झोप यायला लागली, म्हणून मग आईने जरासं