वर पत्रा हाय ना?

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. खाजाचाचांना मी फसवून स्लॅबखाली नेलं.

चाचा लातूरच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम. भूकंपात गावाकडचं घर त्यांच्या बायकोवर बसलं, तेव्हापासून हा माणूस पत्रा सोडून कशाखालीच बसत नसे. लग्नात पंगत कार्यालयात, चाचा ताट घेऊन रस्त्यावर. बँकेत गेले की दारातूनच ओरडायचे, "कॅशियरसाब, भाईर या!"

"चाचा, अख्खं गाव स्लॅबखाली झोपतं."

"त्याचं शिमिट माझ्याच पाठीवरून गेलंय. भिजलेलं कोणतं, मला ठाव हाय. पत्रा पडला तर टेंगूळ, स्लॅब पडला तर फातेहा!"

पुढे क्लासेस वाढले. पोरांच्या सायकलींमधून सिमेंटचे ट्रक घुसू लागले. म्हणून मालधक्का गावाबाहेर न्यायचा, जुन्या जागी सिटी बसचा थांबा आणि वर मुलींसाठी खोल्या, असं ठरलं. नकाशे माझे. इमारत उभी राहिली.

चाचांची नात जोया तेव्हा शिरूर अनंतपाळहून रोज क्लासला यायची. एसटीत उभ्यानेच डुलक्या घेत. थकून क्लास सोडायला निघाली होती.

"तिला तिथं खोली घ्या," मी म्हणालो.

"वर काय हाय?"

"पत्रा."

स्लॅबला खालून पत्रा ठोकला होता, खरं तेवढंच.

"तुमी म्हणता तर हाय," म्हणत चाचांनी तिची ट्रंक डोक्यावर घेतली.

मालगाडी तिथं थांबेनाशी झाली, तरी जायची तिथूनच. ती धडधडली की वाटायचं, आता चाचा येणार, पोरीला ओढून नेणार. एका संध्याकाळी गाडी जरा जास्तच हादरवून गेली. मी धावलो. चाचा समोर उघड्यावर, पोत्यावर बसलेले. नजर खिडकीवर. खिडकीतून जोयाने हात हलवला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मी तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी जोयाला गाठलं.

"नाना रोज येतात, काका. नव्या धक्क्यावरून सिटी बसनं. पहिल्याच दिवशी काठीनं छत ठोकलं त्यांनी. म्हणाले, पत्रा असा मुका नसतो. साहेबाला बोलू नको, बिचाऱ्याला वाईट वाटंल. तू शीक, मी भाईर बसून राहतो."

जोया आता नांदेडला डॉक्टर आहे. चाचा भेटले की अजून विचारतात, "साहेब, वर पत्रा हाय ना?"

मी म्हणतो, "हो."

वर स्लॅब होता, एवढं एक वाक्य मी त्यांना देणं लागतो.