कासारआळीचा हौद आणि अंताजीपंतांचे कुंकू

॥ श्री ॥ खरें तेवढेंच हातून लिहविलें जावें, ऐसें देवापाशीं मागोन आरंभ करितों. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, वैशाखमासीं राजधानीचे शहरांत पटकीची सांथ जाहली आणि माणूस फार खर्च जाहलें. तेव्हां राज्य आईसाहेब चालवीत होत्या. शहराचें पाणी एकाच तळ्याचें, तें नळानें आळोआळींचे हौदांत येई. कारभारी अंताजीपंत यांणीं मनीं धरिलें कीं तळेंच नासलें, नवें बांधावें. मागें त्यांणीं नुसते आंकडे वाचिले तों दरबार पेंगला होता, म्हणोन या खेपेस बिछाइतीवर शहराचा नकाशा काढविला आणि जेथें माणूस दगावलें त्या घरीं कुंकवाची चिमूट ठेविली. मग कासारआळीचे गोदूबाईची हकीकत सांगितली, कीं तिणें आजारी सुनेस आपले हातें पाणी पाजिलें आणि सून सकाळ न पाहतां गेली. दरबार रडला. सरदार म्हणाले, "तळें आजच बांधा!" परंतु आईसाहेबांस संशय आला. त्या पुसत्या जाहल्या, "पंत, ही गोदूबाई खरी, कीं आम्हांस रडवावया रचिली?"

पंत म्हणाले, "आईसाहेब, ती माझी थोरली बहीण."

आईसाहेबांचे डोळां पाणी आलें, परंतु संशय गेला नाहीं. बोलिल्या, "दुःख खरें. म्हणोन तळें नासलें हें खरें होत नाहीं. जीं घरें वांचलीं, तीं कोठें आहेत?"

"तीं मांडिलीं तर गोष्ट पातळ होते."

"होऊं द्या. मांडा."

पंतांस वाटलें, वांचलीं घरें वगळिलीं ही कोणी चहाडी केली. रागानेंच त्यांणीं वांचलेले घरोघर तांदूळ ठेविले आणि ठेवितां ठेवितां हात थबकला. शहर पांढरें जाहलें, आणि कुंकू सारें एका कासारआळीचे हौदाभोंवतीं उरलें. तळें निर्दोष होतें. मग तेथें खणविलें तों नळ फुटोन मोरी आंत मिळालेली. तळें बांधीत बसते तर लोक तेंच पाणी पीत राहते.

मग नळ नवा घातला, हौद धुविला, तरी कोणी घागर लावीना. गोदूबाई म्हणाली, "अंता, आधीं तूं पी." पंत ओंजळभर प्याले. ती बराच वेळ त्यांचे तोंडाकडे पाहत राहिली आणि मग घागर बुडविली.

ऐसें वर्तमान जाहलें. सांथ उतरली, नवें तळें बांधावयाचें राहिलें. आईसाहेबांचा संशयी स्वभाव कांहीं गेला नाहीं. तो राज्याचे उपयोगीं पडला. इति.