सामाईक ग्लासाचा ठराव

आमच्या बारांगायचे, म्हणजे फिलिपिन्समधल्या आमच्या गावाचे, प्रमुख कप्तान क्रिसान्तो यांच्या खालच्या ओठावर एक व्रण प्रकट झाला. गोल, कडक आणि अजिबात न दुखणारा. पंचायतीचा चिटणीस या नात्याने मी तशी नोंद केली.

आरोग्यकेंद्रातल्या नर्स हर्मिनिया यांनी ओठ पाहिला. "कप्तान, हा उपदंश वाटतोय. रक्त द्या. आणि तुमच्या पर्लिटालाही पाठवा, तिला पाचवा महिना आहे. बाळाला बाधायच्या आत सुई द्यायला हवी."

"अहो, ग्लासातून आलं असणार!" कप्तान म्हणाले. आमच्याकडे दारूच्या बैठकीला बसलेले सगळे, म्हणजे कप्तान आणि पंचायतीचे तीन सदस्य, एकाच ग्लासातून पितात.

त्यांच्या बायकोने, पर्लिटाने, घरी एवढंच विचारलं, "मग बाकी तिघांचे ओठ कसे काय धड?"

प्रश्न बिनतोड होता. तातडीच्या सभेत तिन्ही सदस्यांनाही व्रण असल्याचा ठराव एकमताने संमत झाला. पुराव्यादाखल तिघांनी ओठांना जांभळं औषध फासलं.

"चौघांनाही? बरं झालं, बाह्या वर करा," नर्सबाई म्हणाल्या. नाही म्हणावं तर ठराव खोटा पडतो. चौघांनी रक्त दिलं, पर्लिटानेही.

निकाल आला. कप्तान आणि पर्लिटा तर होतेच, पण दोन सदस्यही खरोखरच रोगी निघाले. तिसरा, युसेबियो, निरोगी निघाल्यामुळे त्याला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली.

"आईशप्पथ, मीही तेवढीच प्यायलो होतो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

एवढ्यात कप्तानांचा व्रण आपोआप भरून आला. त्यांनी आनंदाने डुक्कर भाजून गावजेवण घातलं. "आता सुई कशाला हवी?"

नर्सबाई फाटकातून ओरडल्या, "व्रण गेलाय, रोग नाही! उद्या तोंडात पांढरट चट्टे उठतील, तळहातावर पुरळ येईल, तेव्हा कुठला ग्लास दाखवाल?"

त्यांचं म्हणणं पुढील सभेसाठी राखून ठेवण्यात आलं.

सध्या हे कोणत्या बाईमुळे झालं याचा शोध घ्यायला समिती नेमली आहे. तिच्या अकरा बैठका झाल्या. तुम्हीही इथवर तोच विचार करत आलात, लाजू नका. पर्लिटाला सुई मिळाली का, हे मात्र ना समितीने विचारलं, ना मी, ना तुम्ही.

मिळाली. आम्ही डुकराच्या कुरकुरीत कातडीवरून भांडत होतो, तेव्हा ती उठून नर्सबाईंच्या मागोमाग गेली आणि घेऊन आली.