बुधवारच्या रात्रीचा रंग

आचान थामरोंग यांनी सोमवारी सकाळी भाताची पेज पिता पिता ठरवलं, की या आठवड्यात घरातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. निर्णय तसा लहानच होता. त्यात कुणाचं नुकसान होईल असं त्यांना वाटलं नाही (ते त्यांना आधी कधीच वाटत नाही).

थाई भाषेत आचान म्हणजे गुरुजी. नोंथबुरीतल्या त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना आचानच म्हणत, कारण त्यांनी एकतीस वर्षं विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवलं होतं. कुठला रंग कुठल्या धातूला का चिकटतो, या विषयावर त्यांचा चारशे पानांचा प्रबंध होता. स्वतःच्या हातानं रंगवलेली वस्तू मात्र एकच, घराचं फाटक. त्याचा रंग अकरा वर्षं झाली तरी पावसाळ्यात हाताला लागतो.

त्यांची मुलगी फांग तेहतीस वर्षांची. ती बाहेरच्या खोलीत हौशी लोकांसाठी संगणक बांधून द्यायची. काचेची पेटी, आत दिवे, नळ्यांतून फिरणारं रंगीत पाणी. दोन वर्षांपूर्वी तिनं त्यासाठी नोकरी सोडली, तेव्हा आचान एवढंच म्हणाले होते, "पण संगणकाच्या आत कोण कशाला बघेल?" तेव्हापासून ती वडिलांशी हवामान आणि जेवण या दोनच विषयांवर बोलत असे. येत्या शनिवारी मॉलमध्ये अशा संगणकांचं प्रदर्शन होतं आणि तिला तिथे पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं.

आचान तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. 'ही वायर कुठली?' हे त्यांनी चौथ्यांदा विचारल्यावर फांगनं हातातला पेचकस खाली ठेवला, थोडा विचार केला आणि मेमरीच्या चार पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. बोटभर लांबीच्या, वर उष्णता बाहेर टाकणारं काळ्या पत्र्याचं कवच. कवचावर कंपनीचा लाल गरुड, चांगला पंख पसरलेला.

"हा गरुड नकोय मला. वरून रंग द्या. कुठलाही द्या, मला शोभेल असा. पण बाबा, कवच उचकटायचं नाही. आतल्या चिपा त्याला चिकटलेल्या असतात, त्याच्याबरोबर उपटून येतात. खालच्या सोनेरी दातांना रंगाचा थेंब लागता कामा नये. थर पातळ. आणि या चारच आहेत. शनिवारच्या आत दुसऱ्या मिळणार नाहीत."

एवढ्या सूचनांतून आचानांच्या मनात घर करून राहिले ते तीन शब्द: मला शोभेल असा.

मंगळवार तयारीत गेला. अंगातल्या स्थिर विजेनं चिप जळू शकते, असं त्यांनी वाचलं. नळाला एकदा हात लावला की भागतं, असंही त्याच पानावर होतं. पण एकदा हात लावून ज्याचं समाधान होतं, तो माणूस वेगळा. आचानांनी मनगटाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या नळाला गुंडाळलं. दुपारी त्यांच्या पत्नीनं, ओरथाईबाईंनी, अंगणातून लिंबं आणायला सांगितली. ते दारापर्यंत गेले आणि थांबले.

"काय झालं? बांधून ठेवलंय का कुणी?"

"मीच."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि लिंबं स्वतः घेऊन आल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी बारीक पॉलिशपेपरनं गरुड घासून काढला आणि कवचं स्पिरिटनं पुसली. सोनेरी दातांवर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावली, मग तिच्यावर रंगाऱ्यांची निळी कागदी पट्टी. दुहेरी बंदोबस्त. प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत लिहिली.

राहिला रंग. ओरथाईबाईंच्या फ्रिजवर वारांच्या रंगांचा तक्ता होता. सोमवारी जन्मलेल्यांना पिवळा, मंगळवारच्यांना गुलाबी, असा. रोज सकाळी तो बघूनच त्या ब्लाउज काढायच्या, आणि आचान गेली चाळीस वर्षं त्यांना हसत आले होते. आज मात्र त्या शेजारी गेल्याची खात्री करून घेऊन ते मुलीचा जन्मदाखला हातात धरून फ्रिजसमोर उभे राहिले. दाखल्यावर गुरुवार होता, पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटं. तक्त्यात गुरुवारपुढे नारिंगी. त्यांना एकदम भरून आलं. मुलीच्या कामाला आपण नावं ठेवली, आता तिच्याच वाराचा, तिच्याच नशिबाचा रंग आपल्या हातानं तिच्या यंत्रात बसवायचा. (तक्त्याला दुसरा रकानाही होता. भरून आल्यावर माणूस दुसरा रकाना वाचत नाही.)

बुधवारी त्यांनी चार पातळ थर दिले. खोटं कशाला सांगायचं, काम सुरेख झालं. ते तीनदा मागे सरकून बघून आले.

गुरुवारी सकाळी त्यांनी त्या पट्ट्या चांगल्या बशीत मांडल्या, वर माशा बसू नयेत म्हणून ठेवतात ते जाळीचं झाकण ठेवलं, दोघींना बोलावलं आणि झाकण उचललं.

"हे कुणासाठी?" ओरथाईबाईंनी विचारलं.

"फांगसाठी. गुरुवारची ना ती."

"गुरुवारची? दोन चाळीसला झाली ती."

"म्हणजे गुरुवारच. रात्री बारा वाजता तारीख बदलते."

"तारीख बदलते. वार सूर्य उगवल्यावर बदलतो. ती बुधवारच्या रात्रीची आहे, राहूची. बुधवारच्या रात्रीला वेगळी ओळ आहे तक्त्यात. वाचा."

आचानांनी वाचली. बुधवारची रात्र: शुभ काळा. शेजारच्या रकान्यात, लाल अक्षरांत: वर्ज्य नारिंगी. इंद्रधनुष्यातले सगळे रंग मोकळे असताना त्यांनी नेमका तोच निवडला होता. आपण त्या रात्री दवाखान्यातच होतो, आपल्याला माहीत असायला हवं, असं काहीतरी ते पुटपुटले.

"होतात की. बाकावर झोपला होतात. नर्सनं तुम्हाला उठवलं तेव्हा ऊन आलं होतं, म्हणून तुम्हाला गुरुवार वाटतो."

फांगच्या अंगात काळा टी-शर्ट होता. दारात तिची काळी स्कूटर होती, स्कूटरवर काळं हेल्मेट.

"बाबा, मी कायम काळंच का घालते, तुम्हाला काय वाटलं?"

खोटं बोलण्याची हीच वेळ होती, पण आचानांना ती साधली नाही. ते म्हणाले, "मळ दिसू नये म्हणून."

फांगनं बशीकडे एकदा पाहिलं. मग "असू देत, तशाच लावते," असं म्हणून ती आपल्या कामाला गेली. आज पाऊस येईल असं ती ज्या आवाजात सांगायची, अगदी त्याच आवाजात. ती चिडली असती तर आचानांना बरं वाटलं असतं.

"आता बघत काय बसलात?" ओरथाईबाई म्हणाल्या. "काळा द्या वरून."

"आधी काळाच होता," आचान म्हणाले.

कोपऱ्यावरच्या हिया मेंगच्या दुकानात लवकर वाळणारा काळा रंग मिळाला. हियानं विचारलं, की खाली कुठला रंग आहे, पुरता सुकलाय का, नाहीतर हा वरचा त्याला उठवतो. आचानांनी त्याला जरा तुटकपणे सांगितलं, की या विषयावर आपला प्रबंध आहे. होताच. त्यातल्या सहाव्या प्रकरणात हेच लिहिलं होतं, हियापेक्षा बरंच लांबवून.

घरी येऊन त्यांनी घाईघाईनं डबा हलवला आणि जवळून, भरपूर फवारलं. वेळ बघितली नाही, अंतर मोजलं नाही, वही उघडलीच नाही. मिनिटभर सगळं गुळगुळीत होतं. मग काळा थर आक्रसायला लागला. आधी एक सुरकुती, तिच्यातून दुसरी, आणि बघता बघता चारही कवचांची हत्तीची कातडी झाली. ती फाटून भेगाभेगांतून नारिंगी डोकावू लागलं. आचान शेजारी उभे राहून, हे नेमकं का होतंय, याची कारणं मनातल्या मनात सांगत होते. सगळी बरोबर होती.

परत घासायला वेळ नव्हता. शुक्रवारी फांगनं पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पाणी फिरलं, पण पडदा काळाच. यंत्र नुसतं टीं-टीं ओरडत राहिलं.

"मेमरी दिसत नाहीये त्याला," फांग म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "बाबा, कवच उचकटलंत का तुम्ही?"

आचानांनी नकारार्थी मान हलवली. उद्या मॉलमधलं ते टेबल रिकामं राहणार आणि ते आपण रिकामं केलेलं असणार, एवढंच त्यांना दिसत होतं. फांगनं एक पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली, तिरकी केली. मग सोनेरी दातांवरून नखानं काहीतरी हलकेच सोललं.

"हे काय?"

"बंदोबस्त," आचान म्हणाले. निळी पट्टी त्यांनी आठवणीनं काढली होती. पारदर्शक पट्टी दिसली नव्हती. तिचा गुणच तो.

चारही पट्ट्या सोलून लावल्यावर यंत्र मुकाट्यानं सुरू झालं. जाड रंगामुळे दोन अंश जास्त तापतंय, पण चालेल, असं फांगनं आकडे बघून सांगितलं. मग आतले दिवे लागले आणि काळ्या भेगांमधलं नारिंगी, राखेखालच्या निखाऱ्यासारखं, चमकायला लागलं. ओरथाईबाईंनी चष्मा चढवून जवळून पाहिलं.

"राहूनं गिळलंय त्याला," त्या अखेर म्हणाल्या. "आता चालेल."

शनिवारी आचान मॉलमधल्या खांबाच्या आडून बघत होते. टेबलाभोवती गर्दी होती. लोक वाकून वाकून संगणकाच्या आतच बघत होते. हे कसं केलं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा फांगचं उत्तर त्यांना स्पष्ट ऐकू आलं. "माझ्या वडिलांनी केलंय. रसायनशास्त्रातले डॉक्टर आहेत ते." संध्याकाळी तिनं तीन गिऱ्हाइकांची नावं आणली. तिघांनाही तसाच रंग हवा होता, तशाच भेगा. "कराल ना बाबा?" तिनं विचारलं. हा प्रश्न हवामानाचा नव्हता आणि जेवणाचाही नव्हता.

त्याला आता तीन आठवडे झाले. आचान रोज सकाळी मनगटाला तार बांधून बसतात. भंगारातल्या जुन्या पट्ट्यांवर आधी नारिंगी देतात, मग काळा. अंतर बदलून पाहिलं, वेळ बदलून पाहिली, दमट हवेत, कोरड्या हवेत, हियाकडून त्याच रंगाचे अकरा डबे आणून. नेमकी त्या गुरुवारचीच काय ती नोंद वहीत नाही. कवचं एकामागून एक आरशासारखी गुळगुळीत निघतात. एक सुरकुती पडेल तर शपथ. सहावं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं आणि ते कुणी लिहिलं असेल याची त्यांना शंका येऊ लागली.

काल ओरथाईबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"अहो, बिघडवायचा प्रयत्न करू नका," त्या म्हणाल्या. "नुसती मदत करा, तेव्हा केलीत तशी. आपोआप बिघडेल."