लॉयडची गाडी माझ्या ट्रेलरवर

माझी पिकअप एकतीस वर्षांची आहे आणि ती डोंगरसुद्धा ओढेल, हे मी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. न मानणारा एकच, माझा मेव्हणा लॉयड. त्याने नवीकोरी पिकअप घेतली आणि बहिणीच्या कानाला लागला, "ताई, दाजींचं ते खटारं भंगारात घाल." बायकोलाही पटायला लागलं. माझ्या गाडीचा जीव धोक्यात!

मग रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसलेले असताना मी हळूच बाहेर सटकलो आणि लॉयडच्या गाडीतला एक नखाएवढा फ्यूज काढून खिशात टाकला. देवाने बघितलं असणार, पण तो काही लॉयडला सांगायला जाणार नव्हता.

प्रार्थना संपली. नवीकोरी गाडी नुसती खोकत राहिली.

"दाजी, बघता का जरा?"

"नव्या गाड्यांतलं मला काय कळतंय? ट्रेलर आणतो, घरी ओढून नेऊ."

त्याची गाडी ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले. लॉयड माझ्या शेजारी नव्या नवरीसारखा मान खाली घालून बसला. मी मुद्दाम चढावरचा रस्ता धरला. तिथे मॅव्हिसचं हॉटेल आहे, आणि चर्च सुटलं की गाव तिथेच काचेला नाक लावून पॅनकेक खातं.

"इकडून कशाला?"

"इकडून जवळ पडतं."

"दोन मैल लांब पडतं, दाजी."

बरोब्बर हॉटेलसमोर माझ्या गाडीने कुकरसारखी वाफ सोडली आणि ती बसली. रेडिएटर फुटला होता. मागे बारा गाड्या खोळंबल्या, तिसरीत माझी बायको.

मॅव्हिस दारात आली. "व्हर्जिल, तुला कॉफी आणू, का गाडीला पाणी?"

बायको उतरून आली. "आता हे सगळं ओढणार कोण?"

ओढू शकेल अशी गाडी एकच होती. ट्रेलरवर.

मी चढलो, पाठ करून फ्यूज बसवला. "लॉयड, एकदा चावी फिरवून बघ. कधीकधी हवा लागली की होतात सुरू."

पहिल्या झटक्यात सुरू झाली. लॉयडने माझ्याकडे बघितलं. मग फ्यूजच्या झाकणाकडे. ते अजून माझ्या हातातच होतं.

"दाजी," तो एवढंच म्हणाला.

त्याने आपली गाडी खाली उतरवून ट्रेलर तिला जोडला आणि हॉटेलातल्या लोकांनी पॅनकेक टाकून माझी गाडी ट्रेलरवर ढकलली. लॉयडने मला शेजारी बसवून हॉटेलवरून दोन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा तो भलतीकडेच वळला.

"अरे, घर तिकडे राहिलं."

"इकडून जवळ पडतं, दाजी."

तो रस्ता भंगारवाल्याच्या फाटकापाशी संपतो.