मापाडी डॉक्टर

आमच्या नातीच्या बारशाला समोरच्या फ्लॅटमधले डॉ. वाकळे आले, पाळण्यात डोकावले आणि आशीर्वाद द्यायचा सोडून विचारते झाले, "दिवसातून लघवी किती वेळा?" बायका पदराआड हसल्या. मी हसले नाही. मोंढ्यात धान्य मोजणारा मापाडी असतो ना, तेच नाव मी त्या दिवशी त्याला ठेवून टाकलं.

मापाडी भूल देणारा डॉक्टर. गंगापूरकडचा, उसवाल्या घरातला. क्रांती चौकाजवळच्या आमच्या इमारतीत एकटाच राहायला आला तो पुस्तकांच्या चार पेट्या आणि एक खुणा आखलेलं काचेचं भांडं घेऊन. त्या भांड्यातून तो चहा प्यायचा! जिन्यात भेटला की, "मावशी, आज दीडशे मिली." जसं काही मी विचारलं होतं.

त्याहून मोठा गुन्हा म्हणजे आमच्या घरच्या पाण्याला तो शिवायचा नाही. रोज संध्याकाळी यायचा, माझ्या लेकाच्या, सुधीरच्या पायावरची सूज दाबून बघायचा, आणि मी पाणी पुढं केलं की, "नको मावशी, झालंय." चहा? "झालंय." ताक? "झालंय." वर्षभर झालंय! मी तेव्हा एकसष्ट वर्षांची, म्हणजे अकलेनं अगदीच कोवळी. सुनेला म्हणायची, "लई शिष्ट हाय गं. आपल्या भांड्यांची किळस येते त्याला."

सुधीरच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून. अर्ध्या लिटरची बाटली, दिवसभरासाठी तेवढीच. ती दिवाणाशेजारी असायची आणि तो तिच्याकडं बघत बसायचा. शेवटी माझी किडनी जुळली. भूल मापाडीच देणार होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही मायलेक दवाखान्यात. मापाडी आला आणि शेतच पेरायला लागला. "मावशी, नवी किडनी म्हणजे उसाचं बेणं. पाट कोरडा राहिला तर रुजत नाय, शेत तुंबवलं तर ह्याची फुप्फुसं बुडतात. आणि रक्त आंबट व्हायला नको. नेहमीचं खारं सलाईन ओतत राहिलं की रक्त आंबटतं. म्हणून मी घडीघडी रक्त तपासणार, मगच कोणतं पाणी आणि किती ते ठरवणार. तोवर बाटलीबाहेरचा थेंब द्यायचा नाय."

"व्हय, व्हय," म्हटलं, आणि त्याची पाठ वळताच जिना उतरून शहाळं घेऊन आले. शहाळं म्हणजे देवाचं पाणी, त्याला कसलं माप?

"आई, चालतं का?"

"मी सांगते ना! पी."

पोरानं एका दमात संपवलं. माझ्याइतकी शहाणी बाई उभ्या मराठवाड्यात नव्हती.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम चढलेलं. ऑपरेशन पुढं ढकललं, आधी पुन्हा डायलिसिस. सून रडत विचारायला लागली, "अहो, पण वाढलं कशानं?"

मापाड्याची नजर उशीकडं गेली. खालून शहाळ्याची नळी डोकावत होती. त्यानं ती उचलून खिशात टाकली. "वाढतं कधीकधी," म्हणाला. मला वाटलं, आता हीसुद्धा मोजायला नेतोय! शहाळ्यात पोटॅशियम भरलेलं असतं, त्या रक्तात भूल दिली असती तर टेबलावरच काळीज थांबलं असतं, हे मला मागाहून एका सिस्टरनं सांगितलं. ह्यानं कधीच नाही.

दोन दिवसांनी माझी किडनी सुधीरच्या पोटात गेली. मला शुद्ध आली तेव्हा पायाशी मापाडी उभा, ओठ वाळलेले. "मावशी, रक्तवाहिन्यांचे चिमटे सोडले आणि टेबलावरच लघवीची धार लागली. आत्तापर्यंत सहाशे मिली!" पोराच्या लघवीचा आकडा कुणी बोर्डात पहिला आल्यासारखा सांगतं का?

सुधीर घरी आला. आता त्याला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायची सक्ती. तो तांब्या घेऊन बसलेला असताना मापाडी आला, त्याच्यासमोर बसला.

"मावशी, पाणी द्या. मोठं भांडं भरून."

घटाघट प्यायला. दुसरं मागितलं. तेही संपवून म्हणाला, "चहा पण टाका."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. वर्षभर माझ्या तहानलेल्या लेकासमोर मी आल्यागेल्याला भांडी भरभरून पाजत होते, आणि सगळे पीत होते. एक सोडून.

चहा उकळला. कप बाजूला सारून मी सुधीरच्या बापाचा मोठा पेला काढला आणि काठोकाठ भरला.