साळिंदराने जुळवलेला कॉम्प्युटर

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर पाणवठ्याच्या कचेरीत कारकून होता. त्याचं नाव निवृत्ती. काम सोपं होतं. पाणवठ्यावर कोण आलं, कोण गेलं, ते पळसाच्या पानावर लिहायचं आणि पान वाघसाहेबांकडे पाठवायचं. वाघसाहेब ते वाचत नसत. कोण कुठे पाणी पितं, हे त्यांना पानावाचूनच ठाऊक असे.

या जंगलात वाघाचं आडनाव वाघ, कोल्ह्याचं कोल्हे आणि मोराचं मोरे होतं. त्यामुळे कोणाचा घोळ होत नसे. तुमच्या वर्गात होतो, तो वेगळा.

तर एके वर्षी वाघसाहेबांनी राज्यकारभारासाठी कॉम्प्युटर आणवला. कशासाठी? शेजारच्या जंगलातल्या वाघाने आणवला होता, यासाठी. त्याला एक गुहा दिली. ती रंगवली, गार केली. चिटणीस कोल्हे यांनी दारावर पाटी लावली, ‘पायांतले बाहेर काढून आत यावे.’ गवा बिचारा दोन दिवस दाराशी खूर काढायचा प्रयत्न करत उभा होता.

वीज कुठून आली म्हणता? मध्ये बोलू नका. गोष्टीतल्या जंगलात वीज असते. खऱ्या गावात नसते.

त्या कॉम्प्युटरला कोणी हात लावत नसे. दसऱ्याला मात्र त्याची थाटात पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं. त्यातलं निम्मं आत गेलं आणि कॉम्प्युटर बंद पडला.

मग तळ्यावरून इंजिनियर बगळे यांना बोलावलं. निवृत्ती तेव्हा पानांचा गठ्ठा घेऊन तिथेच उभा होता. बगळे एका पायावर उभे राहिले, त्यांनी चार स्क्रू फिरवले आणि झाकण बाजूला केलं. निवृत्तीने मान लांब करून आत पाहिलं.

त्याला वाटलं होतं आत देव असेल. निदान एखादा फार हुशार, लहानसा प्राणी तरी असेल. आत बहुतेक हवाच होती. एक हिरवी पाटी, जिला बगळे मदरबोर्ड म्हणाले, तिच्यावर खाचांत उभ्या केलेल्या दोन-तीन लहान पाट्या, एक पंखा, थोड्या वायरी. बगळ्यांनी एक लहान पाटी उपसली, पंखाने पुसली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला.

“एवढंच?” निवृत्ती म्हणाला.

बगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोला. एवढंच आहे हे सगळ्यांना कळलं, तर मला पुन्हा मासे पकडत बसावं लागेल.”

पण निवृत्तीला कळलं होतं. त्या दिवशी त्याने पानावर तीन रानडुकरं आणि एक मदरबोर्ड पाणी प्याल्याची नोंद केली.

जंगलाच्या कडेने हमरस्ता जात होता. रस्त्यापलीकडे शहराचा उकिरडा होता. तिथे माणसं चांगल्या चांगल्या वस्तू टाकत. जरा नवीन काही निघालं की त्यांना कालचं नकोसं होई. निवृत्ती रोज सकाळी कचेरीआधी तिथे जाऊ लागला आणि काट्यांना काहीतरी अडकवून घरी येऊ लागला.

पहिल्या दिवशी त्याची बायको द्वारका अंगण झाडत होती. “अहो, हे काय आणलंत?”

“मदरबोर्ड.”

“म्हणजे?”

“ही सगळ्यांची आई. बाकी सगळं हिच्यावर येऊन बसतं.”

“मग नाव बरोबर आहे,” द्वारका म्हणाली आणि झाडत राहिली.

हळूहळू पंखा आला, हार्ड डिस्क आली. रॅमची एक पट्टी आली. रंग उडालेलं कॅबिनेट आणि एक जुना पडदा आला. बिळाच्या तोंडाशी एक सपाट दगड होता, त्यावर निवृत्ती ते सगळं मांडून बसे.

फाल्गुनात चितळांच्या कळपाची म्होरकी गोदाक्का त्याच्याकडे आली. पोक्त, शांत हरणी. आदल्या वैशाखात पाणवठा आटला होता, सगळे एकदमच पाण्यावर आले होते आणि तिच्या कळपातलं एक पाडस गव्यांच्या पायाखाली सापडून गेलं होतं.

“निवृत्तीभाऊ,” ती म्हणाली, “या उन्हाळ्यासाठी पाळ्यांची यादी करून द्या. कोणी कधी यायचं, किती वेळ थांबायचं, एवढंच. तुमच्याकडे सगळ्यांची नोंद आहे.”

“अक्का, मी आत्ता पानावर लिहून दिली असती,” निवृत्ती म्हणाला. “पण आता कॉम्प्युटर होतोय. त्यावर दोन मिनिटांचं काम. तेवढा उभा राहू द्या.”

गोदाक्काने दगडावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही. कळलं नाही म्हणूनच तिचा विश्वास बसला.

आठ दिवसांनी कॉम्प्युटर उभा राहिला. निवृत्तीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्याने रॅम काढली, फुंकर मारली, परत बसवली. पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून एक बारीक आवाज आला. “टीं!”

बाळांनो, तुमच्या धाकट्या भावंडाने पहिला ट्यँहा केला, तेव्हा तुमचे बाबा कसे वेड्यासारखे हसले होते, आजीला विचारा. निवृत्ती तसा हसला. त्याच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भीतीशिवाय उभे राहिले होते.

“काय करतो हा?” द्वारकेने विचारलं.

“चालतो!”

“ते दिसतंय. करतो काय?”

“अगं, चालतो म्हणजे काय लहान गोष्ट आहे?”

बातमी पसरली. उकिरड्यावर निवृत्तीसारखे आणखी काही जण चोरून जात होते, हे तेव्हाच उघडकीला आलं. घोरपडे आले. हे म्हणजे घोरपड. एकदा धरलेला मुद्दा सोडत नसत. मोरे आले. त्यांनी आपल्या कॅबिनेटला काचेची भिंत लावली होती आणि आत निळे-हिरवे दिवे सोडले होते. दर रविवारी सकाळी निवृत्तीच्या दगडाभोवती बैठक भरू लागली. बैठकीला नाव पडलं, ‘स्वहस्ते संगणक जुळणी मंडळ’.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. साळिंदराजवळ कोणी सरकून बसत नाही. लग्नात, बारशात, पंगतीत निवृत्तीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी असायची. त्याला त्याची सवय होती. पण कॅबिनेटचं झाकण निघालं की तिघांची डोकी एकदम आत वाकत. मोऱ्यांचा तुरा निवृत्तीच्या कानाला लागे. घोरपडे त्याच्या पाठीला खेटून म्हणत, “जरा सरका निवृत्तीराव, ती वायर दिसत नाहीये.” काटे टोचत होते, पण कोणाच्या ते लक्षातही येत नव्हतं.

झाकण लावलं की सगळे उठून घरी जात. म्हणून निवृत्ती झाकण लावायची घाई करत नसे.

चैत्रात गोदाक्का पुन्हा आली. “झाली का यादी?”

निवृत्ती उत्तर देणार, तोच घोरपड्यांनी विचारलं, “किती मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे तुमचा?”

निवृत्तीने आकडा सांगितला. घोरपड्यांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. “एवढ्यावर यादी करणार? होईल म्हणा. पण ती यादी कशी होईल, ते मी बोलत नाही.”

निवृत्ती लाजला. “अक्का, दोन मिनिटं. जरा प्रोसेसर बदलतो.”

नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसेना. मग नवा मदरबोर्ड शोधला. त्यावर जुनी रॅम चालेना. नवी रॅम आणली. एवढ्या सगळ्याला पॉवर सप्लाय पुरेना. मोठा पॉवर सप्लाय कॅबिनेटमध्ये मावेना. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचा एकच स्क्रू नव्यात राहिला, तोही सैल होता.

“मग हे उरलेलं टाकून द्या,” द्वारका म्हणाली.

“टाकू कसं? फक्त एक हार्ड डिस्क आणि एक पंखा मिळाला की यातून दुसरा कॉम्प्युटर होतो.”

“आणि दुसऱ्याचं काय करायचं?”

“आधी होऊ तर दे!”

दुसरा झाला. तो जुळवताना थोडं सामान उरलं. त्यातून तिसरा सुरू झाला. द्वारकेने पावसाळ्यासाठी कंद साठवले होते, त्या कोनाड्यात आता वायरी होत्या. ती रोज एक वायर उचलून विचारी, “ही लागते?” आणि तो म्हणे, “लागेल.”

पाणी खाली खाली जात होतं. निवृत्तीला ते दिसत होतं, कारण कचेरी पाणवठ्यावरच होती. दर दिवशी तो ठरवे, आज घरी गेलो की यादीच. आणि घरी गेला की मंडळ आलेलं असे, रविवार असो वा नसो.

वैशाखात एका सकाळी जे व्हायचं तेच झालं. पाणी एका डबक्यापुरतं उरलं होतं. गवे, रानडुकरं, चितळं, सगळे एकदम आले. चिखलात रेटारेटी झाली. निवृत्ती कचेरीतून ओरडत होता, “एकेक! एकेक!” पण त्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

दुपारी गोदाक्का त्याच्या दाराशी आली. तिच्यामागे एक पाडस तीन पायांवर उड्या मारत येत होतं. चौथा पाय लोंबत होता. मंडळ बसलेलं होतं. मोरे दिव्यांचे रंग बदलून दाखवत होते.

गोदाक्का ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “आज तरी झाकण लागलंय का भाऊ?”

निवृत्तीने पाडसाकडे पाहिलं. मग त्याने झाकण उचललं, बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि म्हणाला, “अक्का, बसा. यादी घेऊनच जा.”

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. पडदा उजळला. निवृत्ती पडद्याकडे बघत राहिला. घोरपडे बघत राहिले. मोरेही बघत राहिले.

त्या कॉम्प्युटरमध्ये एकच प्रोग्राम होता. कॉम्प्युटर किती वेगाने चालतो, ते दाखवणारा.

“यादी कशी करतात?” निवृत्तीने हळूच विचारलं.

“ते सॉफ्टवेअरवाले बघतात,” घोरपडे म्हणाले. “आपण हार्डवेअरमधले.”

“दिवे लाल करून बघू का?” मोरे म्हणाले.

निवृत्तीचे काटे मिटले. पार अंगाला चिकटले. एवढा छोटा झालेला साळिंदर जंगलात कोणी पाहिला नव्हता. तो गोदाक्काला म्हणाला, “अक्का, मला येत नाही. फाल्गुनात पानावर लिहून दिली असती, तर हा पाय मोडला नसता.”

द्वारका चुलीपाशी उभी राहून हे ऐकत होती. तिने चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला. “चला अक्का,” ती म्हणाली. “आणि अहो, तुम्हीही या. नोंदी तुमच्या डोक्यात आहेत.”

तिघं पाणवठ्यावर गेली. तिथे एक मोठा काळवत्री खडक होता, पण त्याची एक बाजू चुनखडीने पांढरी पडली होती. द्वारकेने नवऱ्याला तीनच प्रश्न विचारले. कोण कधी येतं? कोण किती पितं? आणि कोण कोणाला भितं? निवृत्ती सांगत गेला. त्याला सगळं तोंडपाठ होतं. ती लिहीत गेली. पहाट चितळांची. उन्हं चढली की डुकरं. टळटळीत दुपारी गवे, कारण त्यांना ऊन सोसतं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तिने पावलांची चित्रं काढली. सावली हातभर सरकायच्या आत यादी तयार झाली.

दुसऱ्या दिवसापासून सगळे पाळीने आले. एकदाच एक डुक्कर मध्ये घुसलं, तेव्हा गव्यानेच त्याला खडक दाखवला. उरलेल्या उन्हाळ्यात कोणी चेंगरलं नाही. पाडस मात्र लंगडंच राहिलं.

पाणवठा पुन्हा भरला आणि चिटणीस कोल्हे यांनी अहवाल लिहिला, ‘पाणवठ्याचे यशस्वी संगणकीकरण’. यादी निवृत्तीच्या घरून आली होती. निवृत्तीच्या घरी कॉम्प्युटर होता. कोल्हे यांना याहून जास्त पुराव्याची कधीच गरज पडत नसे.

सत्कार ठरला. वाघसाहेबांनी निवृत्तीला लांबूनच शाल पांघरली. ती काट्यांत अडकून तिची चाळण झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोर पहिल्या रांगेत द्वारका बसली होती. तिच्याशेजारी गोदाक्का होती.

निवृत्ती भाषणाला उभा राहिला. आज खरं ते सांगायचं, हे त्याने सकाळीच ठरवलं होतं. “मंडळी,” तो म्हणाला, “ही यादी खरं म्हणजे मी…”

वाघसाहेबांनी आवडीने मान पुढे केली. “किती मेगाहर्ट्झवर केलीत?”

निवृत्तीने द्वारकेकडे पाहिलं. वाघसाहेबांकडे पाहिलं. आणि त्याच्या तोंडून आकडा बाहेर पडला. अगदी बिनचूक.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथल्या तिथे त्याला कारकुनाचा जंगल संगणक अधिकारी करण्यात आलं. हाताखाली घोरपडे आणि मोरे.

घरी जाताना द्वारकेने विचारलं, “काय हो, माझं नाव घ्यायचं मनात तरी आलं होतं का?”

“अगदी ओठावर आलं होतं गं.”

“मग?”

“मध्येच आकडा आला.”

द्वारकेने त्याच्या पाठीवरची शाल काट्याकाट्यांतून सोडवली, घडी केली आणि काखेत मारली. तिची पुढे तिने भांडी धरायची फडकी केली. पुढच्या फाल्गुनात गोदाक्का आली, ती अधिकाऱ्यांच्या कचेरीकडे न वळता थेट चुलीपाशी गेली. अधिकारी त्या दिवशी वाघसाहेबांचा कॉम्प्युटर उघडून बसले होते. तो जरा सावकाश चालतो, असं वाघसाहेबांना वाटत होतं. त्यावर ते काय करत, ते मात्र कोणी विचारलं नाही.

तात्पर्य : काम कोळशाने होतं आणि शाल कॉम्प्युटरला मिळते. म्हणून बाळांनो, झाकण कधीही लावू नये. लावलं की लोक काम सांगतात.